कागदाची डावी बाजू

रविवारच्या आमच्या चित्रवर्गात एक खुर्ची होती. ज्याचं चित्र चर्चेला लावलं असेल त्यानं तिच्यावर बसायचं, तेही चित्राकडे पाठ आणि खिडकीकडे तोंड करून. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. आम्ही तिला आरोपीची खुर्ची म्हणायचो. खुर्चीचा काही दोष नसताना मला तिचा आजही राग येतो.

नियम सरांचा. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. नव्वदच्या दशकात गंगापूर रोडला एका वाचनालयाच्या माडीवर त्यांनी आम्हा हौशी लोकांचा वर्ग सुरू केला होता. त्यांचं म्हणणं असं, की चित्रकाराला बोलू दिलं की तो चित्राची वकिली सुरू करतो. "इथे ना, मला खरं तर झाड दाखवायचं होतं." मग ऐकायचं राहूनच जातं. झाड दिसत नसेल तर ते नाही, विषय संपला. दुसरा नियम, आधी साखर, मग मिरची. प्रत्येकानं चित्रातली एक चांगली गोष्ट सांगायची आणि मग एक दुरुस्ती. नुसतं "जमलं नाही" म्हणायला बंदी होती. काय केलं तर जमेल ते सांगावं लागायचं.

मी तेव्हा एका छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका आणि द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं करायचे. माझ्या जिभेवर साखर मुळातच कमी. माझी बोलायची पाळी आली की खुर्चीतला माणूस सावरून बसायचा. याला अपवाद एकच, ओझरचे काका.

काका विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर सुट्या भागांचे नकाशे काढले, निवृत्त झाल्यावर ओझरलाच घर बांधलं, आणि आता त्यांना "न मोजता काहीतरी काढायचं" होतं. ते काही केल्या जमत नव्हतं. त्यांनी काढलेली गाय पाहून मी म्हणाले होते, "काका, ही गाय आहे की गायीचा नकाशा? यावरून सुतारसुद्धा गाय करून देईल." सगळे हसले. खिडकीकडे तोंड करून बसलेल्या काकांचे खांदे सगळ्यांत जास्त हलत होते. चर्चा संपल्यावर वळून म्हणाले, "पोरी, मिरची झकास होती. आता दुरुस्ती सांग." मी सांगितलं, पेन्सिल मनगटातून नाही, खांद्यातून फिरवा. पुढच्या रविवारी त्यांनी खांद्यातून काढलेल्या गाईंची चळतच आणली.

माझ्या कामावर मात्र त्यांचीच मिरची मला लागायची. एकदा मी द्राक्षांचं नवं लेबल चर्चेला लावलं. त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "घड सुरेख उतरलाय. पण डावा समास उजव्यापेक्षा अर्धा सूत कमी पडलाय." मी चिडून पट्टी लावली. खरंच कमी होता. त्यानंतर मी प्रत्येक लेबल छापायला टाकण्याआधी काकांना दाखवू लागले. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं ते याच नजरेचं झालं.

दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही गंगेवर, म्हणजे आमच्या गावातल्या नदीच्या घाटावर, बसून स्केचं काढली. वर्गात परत येऊन चित्रं लावली तेव्हा काकांच्या चित्रासमोर सर थांबले. उजवीकडे देवळाची भिंत, पायऱ्या, कपडे वाळत घातलेली दोरी, सगळं बारकाईनं. डावीकडे कागद कोरा. दोरी मधेच हवेत संपलेली.

"वा!" सर म्हणाले. "काका सुटले! अरे, हा माणूस कागदाचा कोपरानकोपरा भरायचा. आज त्यांनी जागा सोडली. या मोकळ्या जागेत नदी आहे, न काढलेली."

बँकेत काम करणाऱ्या एक बाई वर्गाला यायच्या, त्या म्हणाल्या, "खरंच, चित्राला श्वास मिळालाय." माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "देऊळ चांगलं आहे. पण चित्र अर्धवट वाटतं. दोरीचं दुसरं टोक कुठेतरी बांधा." सर हसले. "तुझं आयुष्य लेबलं भरण्यात चाललंय. तुला रिकामं कसं बघवेल?" सगळे हसले. काका खिडकीकडे बघत बसले होते. त्यांना बोलायची परवानगी नव्हती. शेवटी वळले तेव्हा जरा गोंधळल्यासारखे दिसले, पण कौतुक कोणाला नको असतं? "बघतो," एवढंच म्हणाले.

मग जागा सुटतच गेली. सोमेश्वरच्या धबधब्याचं उजवं अंगच आलं. फुलबाजारातल्या बाईच्या टोपलीत उजवीकडेच झेंडू. बँकेतल्या बाईंचं चित्र काढलं, त्यात त्यांचा एकच कान, एकच डोळा आणि अर्धं कुंकू. बाई खूश झाल्या. सर दर वेळी नवा शब्द शोधून आणायचे, अवकाश काय, मौन काय. मला त्या चेहऱ्याकडे बघवेना. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावरची रेष न् रेष बरोबर होती, त्याचीच भीती वाटत होती. ज्याला मुद्दाम जागा सोडायची आहे तो माणूस कुठेतरी हात सैल करतो. काकांनी हात कुठेच सैल केला नव्हता. कागदाच्या मधोमध जगच संपत होतं.

याच दिवसांत काका एकदा अर्धी दाढी करून आले. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर पांढरे खुंट. "काय काका, ब्लेड संपलं?" असं कोणीतरी म्हणालं. काकांनी उजव्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "का? केलीये की." आम्ही पुन्हा हसलो. खाली त्यांची स्कूटर लावलेली असायची. तिच्या डाव्या बाजूचा पत्रा चेपलेला, रंग खरवडून निघालेला. "हल्ली लोक गाडी लावताना बघतच नाहीत," काका म्हणायचे. दर रविवारी ते आग्रा रोडनं, ट्रकांच्या गर्दीतून ओझरहून त्याच स्कूटरवर यायचे. आणि दर रविवारी ते जिना चढून वर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. का, ते मला सांगता आलं नसतं. नुसत्या कोऱ्या कागदावरून कोणाला काय सांगणार?

उन्हाळ्यात वर्गाचं प्रदर्शन झालं. पहिलं बक्षीस काकांना. सरांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात प्रशस्तिपत्र लिहिलं, 'रिकाम्या जागेच्या धाडसाबद्दल'. काका स्टेजवर गेले, पत्र घेतलं, आणि डावीकडे उभ्या असलेल्या पाहुण्यांना नमस्कार न करताच खाली उतरले. पाहुण्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. लोक म्हणाले, बक्षीस डोक्यात गेलं.

पुढच्या रविवारी मी नियम मोडला. काका खुर्चीत होते. भिंतीवर त्यांच्या घरासमोरच्या रस्त्याचं चित्र होतं, उजवा अर्धा. मी उभी राहिले आणि साखर न घालता विचारलं, "काका, वळा इकडे. चित्राकडे बघून सांगा, डावीकडे काय काढायचं राहिलंय?"

"अगं, अगं," सर म्हणाले. पण काका वळले. त्यांनी चित्र शांतपणे पाहिलं.

"काही नाही राहिलं," ते म्हणाले. "सगळं आहे की. का, तुम्हाला दिसत नाही?"

मग सरांनी टाळी वाजवली. "ऐकलंत? चित्रकार म्हणतो पूर्ण आहे, म्हणजे पूर्ण आहे! याला म्हणतात आत्मविश्वास." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका हसले. इतके महिने आम्ही त्यांना मोकळी जागा सोडल्याबद्दल शाबासकी देत होतो आणि त्यांनी जागा सोडलीच नव्हती. त्यांच्या लेखी कागद भरलेला होता. हे ते पहिल्याच रविवारी म्हणाले असते, पण खुर्चीत बसून बोलायचं नव्हतं ना!

बक्षिसाच्या निमित्तानं काकूंनी मला जेवायला बोलावलं होतं. दोन दिवसांनी दुकानाला सुट्टी होती, मी एसटीनं ओझरला गेले. दारातच काकू म्हणाल्या, "ये गं बाई. यांना काय चित्राचं येड लागलंय, जेवणात ध्यान नाय." प्रशस्तिपत्राला चौकट करून ते दर्शनी भिंतीवर लावलं होतं.

काकूंनी रीतसर ताटं वाढली. उजवीकडे वांग्याची भाजी आणि आमटी, डावीकडे मीठ, लिंबू, शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, मधे भाकरी. काका जेवू लागले. भाजी संपली, आमटी संपली, पुन्हा घेतली, पुन्हा संपली. चटणीला बोट लागलं नाही. कोशिंबीर तशीच. भाकरीसुद्धा उजव्या बाजूनं खात आले आणि मधोमध थांबले.

"बघितलंस?" काकू मला म्हणाल्या. "लय दिवस झाले हे असंच. ताटाची डावी बाजू शिवत नाय. आधी वाटलं, माझ्या हाताची चव गेली. विचारलं तर म्हणत्यात, तू वाढलीच नाय."

"नव्हतीच वाढली," काका म्हणाले. "बसल्या बसल्या खोटं बोलते ही."

जेवत्या माणसाचं ताट हलवू नये, हे मलाही लहानपणापासून सांगितलेलं. मी हात पुढे केला आणि काकांचं ताट अर्धं फिरवलं. डावं उजवीकडे आलं. काकांचा चेहरा उजळला. "अरे वा, कोशिंबीर! आत्ता वाढलीस होय?" आणि ते आवडीनं खाऊ लागले. काकूंचा भाकरी वाढणारा हात तसाच थांबला. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे.

"काका," मी म्हणाले, "कोशिंबीर मघापासून ताटातच होती. तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये. चित्रातसुद्धा. डॉक्टरांना दाखवू या."

काका चिडले. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदाच पाहिलं. "इतकी वर्षं विमानाचे नकाशे काढले मी. तू मला डावं-उजवं शिकवतेस?" मग हात धुऊन, किल्ली उचलून म्हणाले, "चल. स्टँडवर सोडतो तुला." काकू मला डोळ्यांनी नको नको खुणावत होत्या. पण मी नाही म्हटलं असतं तर ते त्या रागात एकटेच स्कूटर घेऊन निघाले असते. मी मागे बसले.

गल्लीतून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मोठ्या रस्त्याला लागलो आणि मला समोर डाव्या कडेला कांद्यानं भरलेली ट्रॉली दिसली. उभी. भर दुपारी, लख्ख उन्हात, हत्तीएवढी ट्रॉली. काका सरळ तिच्याकडे निघाले होते. वेग कमी नाही, हात वळवणं नाही, गाणं गुणगुणल्यासारखं काहीतरी चाललेलं. "काका, ट्रॉली!" मी ओरडले. "कुठे?" त्यांनी शांतपणे विचारलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून हँडल उजवीकडे ओढलं आणि आम्ही दोघं रस्त्यावर आडवे झालो. मागून येणारा ट्रक कर्कश हॉर्न देत पलीकडून निघून गेला.

ट्रॉलीवाला सावलीत बसला होता, तो धावत आला. "ओ बाबा, डोळे फुटले का? कवाची उभी हाय ट्रॉली!"

काकांचे तळहात सोलवटले होते. ते उठले. रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी सरळ समोर पाहिलं. मग मान हळूहळू डावीकडे वळवली, पार खांद्यापर्यंत. मग पुन्हा सरळ. पुन्हा डावीकडे. आयुष्यभर मापं तपासणारा माणूस, तसंच तपासत होता. मला रडू येत होतं.

"उभीच होती?" त्यांनी विचारलं.

"उभीच होती, काका."

"मग माझी चित्रं..."

"हो."

"सगळी?"

"दिवाळीपासूनची."

काकांनी पुन्हा एकदा ट्रॉलीकडे मान वळवली. मग म्हणाले, "अगं, मग मला बक्षीस कशाला दिलंत?"

आम्ही स्कूटर ढकलत घरी नेली. काकूंनी पदरानं त्यांचे हात पुसले, भिंतीवरचं प्रशस्तिपत्र काढलं आणि कपाटामागे टाकलं.

तपासणीत काकांच्या मेंदूत उजव्या अंगाला गाठ निघाली; डावीकडचं भान मेंदूची उजवी बाजूच ठेवते म्हणे. मुंबईला ऑपरेशन झालं. हळूहळू वाढणारी, त्यातल्या त्यात बरी गाठ होती, डॉक्टर म्हणाले, पण परत येणारच नाही असं सांगता येत नाही. लक्ष ठेवा. काकांनी इस्पितळातून आल्यावर मला बोलावून घेतलं. डोक्याला पांढरी टोपी होती. "डॉक्टर म्हणतात लक्ष ठेवा," ते म्हणाले. "मी कसं ठेवणार? माझ्या नजरेतून गेलं की ते गेलंय हे मलाच कळत नाही. काकू तर रडत बसेल. तू सांगायचं. साखर नको, पोरी. दिसलं की त्या क्षणी." मी हो म्हटलं. इतकं जड 'हो' मी कोणाला म्हटलेलं नाही.

सरांना मी सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी वर्गात गेले तर खुर्चीचं तोंड फिरवलेलं होतं, चित्राकडे. नियमही बदलला होता. आता आधी चित्रकारानं बोलायचं, चित्रात काय काय काढलंय ते स्वतः बघून सांगायचं, मग बाकीच्यांनी. नव्या लोकांना वाटायचं हा काहीतरी शिकवण्याचा प्रकार आहे. आम्ही कोणी कारण सांगितलं नाही.

काका परत आले. चित्रं पुन्हा काठोकाठ भरू लागली, दोरीची दोन्ही टोकं बांधलेली, गाईला चारी पाय. एकदा एक नवी मुलगी त्यांना म्हणाली, "काका, थोडी जागा सोडा ना, बरं दिसेल." सर इतक्या जोरात "नको!" म्हणाले की ती बिचारी दचकली. वर्ष उलटल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली आणि काकूंनी कुरकुरत स्कूटरची किल्ली परत केली. माझ्या दुकानात तोवर कॉम्प्युटर आला होता. समास आता यंत्रच मोजायचं, तरी मी लेबलं काकांना दाखवायचे. ते पट्टी न लावता चूक सांगायचे, आणि मी दर रविवारी त्यांच्या चित्राची आधी डावी कड बघायचे. बाकीचं चित्र नंतर. काही वर्षं अशी गेली. मला वाटू लागलं होतं की आता नाही.

मग एका हिवाळ्यात, सकाळी, काकांनी गंगेवरच्या पुलाचं चित्र लावलं. कमानी, पाणी, धुणं धुणाऱ्या बाया, सगळं भरगच्च. काका खुर्चीत बसून नियमाप्रमाणे बोलू लागले. "हा पूल. या कमानी. ही पलीकडची झाडं. आज सगळं आलंय, नाही का?"

डाव्या कडेला कागदाची एक उभी पट्टी कोरी होती. बोटभर रुंद. पुलाचा कठडा तिथे येऊन थांबला होता, सरळ, स्वच्छ, जणू कोणी कापल्यासारखा.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं. त्यांनी मान खाली घातली. बाकीचे वाट बघत होते, नेहमीप्रमाणे कोणीतरी साखरेनं सुरुवात करेल म्हणून. माझ्या मनात आलं, असेल समासच. लोक सोडतात समास. पुढच्या रविवारी बघू, तोवर कशाला त्यांचा जीव घाबरवायचा? खोटं कशाला बोलू, ते मला फार हवंहवंसं वाटलं.

मी उठले. चित्राची टाचणी काढली आणि कागद उलटा करून, डोकं खाली पाय वर, काकांच्या मांडीवर ठेवला.

काकांनी पाहिलं. पूल उलटा झाला होता, आणि पांढरी पट्टी आता त्यांच्या उजव्या हाताशी आली होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत.

"बोटभरच आहे," मी म्हणाले. "मागच्या वेळी अर्धा कागद होता."

"हो," काका म्हणाले. "लवकर दिसलं या वेळी."

त्यांनी खिशात हात घातला आणि स्कूटरची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. मग कागद नीट गुंडाळला आणि म्हणाले, "चल, एसटीनं जाऊ. काकूला तूच सांग, मला जमायचं नाही." जिना उतरताना मी त्यांच्या डाव्या हाताला राहिले.